पर्याय नसलेले प्रश्न

एमबीबीएस होऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या कुणालाही विचारा, घोणस चावलेल्या माणसाला सुरुवातीला सर्पदंशाच्या लशीच्या किती व्हायल द्यायच्या. उत्तर चटकन येतं: १०. मग त्यालाच म्हणा, रात्रीचे दोन वाजलेत, रिक्षातून माणूस उतरवलाय, पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय, हिरड्यांतून रक्त येतंय, सोबत सहा जण आहेत आणि तुमच्या मदतीला एक सिस्टर आहे. बोला, काय काय कराल? आता तो अडखळतो. माहिती त्याला सगळी असते. पण ती त्याने चार पर्यायांतून ओळखण्यासाठी साठवलेली असते. समोर पर्याय नसताना एकामागून एक कृती तोंडाने सांगत जाणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती आपण शिकतो कधी, हा प्रश्न मला ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मुलाखतीची तयारी करताना पडला.

शेवटच्या वर्षाला आम्हाला लाँग केस असायची. खाटेवरचा खराखुरा रुग्ण, त्याची हकीकत, तपासणी, आणि परीक्षकांचे एकापुढे एक येणारे प्रश्न. घाम फुटायचा, पण बोलावं लागायचं. त्यानंतर मात्र सगळा काळ नीट-पीजीचा. साडेतीन तासांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम मिनिट. त्यासाठी वर्ष-वर्ष खोलीत बसायचं, मॉक टेस्ट द्यायच्या, चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे. या अभ्यासाला मी नावं ठेवत नाही, त्यातून पुष्कळ कळतं. पण रुग्ण कधी चार पर्याय घेऊन येत नाही. तो नुसता येतो आणि त्याच्याबरोबर वेळ पळत असते.

जाहिरात सिंधुदुर्गातली होती. ग्रामीण रुग्णालय, खाटा ३०, थेट मुलाखत, मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे. मी घाटावरची. मैत्रिणींचा सल्ला एकच होता: फाइल नीट लाव, बाकी काही विचारत नाहीत. फाइल लावली. पदवी, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, अधिवास, जातवैधता, २००५च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाच्या सहीनिशी झेरॉक्स. याआधी दुसऱ्या एका जिल्ह्यात मी अशीच मुलाखत दिली होती. तिथे मला गुण विचारले, गाव विचारलं, 'राहणार का' विचारलं आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली. रुग्णाबद्दल एक अक्षर नाही. तरीही या वेळी मनापासून तयारी करायची असं मी ठरवलं, ते मुलाखत घेणाऱ्यांसाठी नव्हे. निवड झाली तर पहिल्याच आठवड्यात रात्रीची कॅज्युअल्टी माझ्या एकटीच्या अंगावर येणार होती, म्हणून.

आमच्या आळीत एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर राहतात. सगळी नोकरी त्यांनी कोकणात केली. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला एरवी 'अगं' म्हणतात. पण सराव सुरू झाला की त्या खुर्चीत ताठ बसायच्या आणि 'बोला डॉक्टर' म्हणायच्या. पहिला रुग्ण त्यांनी मला तोच दिला, साप चावलेला.

मी सुरुवात केली. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शीर घ्यायची, रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी करायची. मावशींनी तिथेच थांबवलं. "नळी कसली?" चाचणी सगळ्यांना पाठ असते: शिरेतून २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून बघायचं, गोठलंय की वाहतंय. पण नळी काचेचीच लागते, स्वच्छ आणि कोरडी. प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही, साबणाचा अंश राहिलेल्या काचेतही नाही. मग विष नसलेल्या माणसालाही विष आहे असं वाटून लस दिली जाते. आता तर प्रयोगशाळांतून सगळीकडे प्लास्टिकच्या नळ्या. "तुम्ही रुजू झालात की पहिल्या दिवशी काय बघाल?" मावशींनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं: काचेच्या नळ्या आहेत का, किती आहेत आणि रात्री त्या कुठल्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली कुणाकडे असते.

त्या किल्लीने माझ्या तयारीची दिशाच बदलली. त्यानंतर प्रत्येक उत्तरात मी औषधाच्या नावाबरोबर त्याची जागा विचारू लागले. अॅड्रिनॅलिन भरून ठेवलंय का, कारण लशीची रिअॅक्शन येऊ शकते आणि आली तर अर्धा मिलिग्रॅम स्नायूत लगेच द्यावं लागतं. पायाला घट्ट दोरी बांधून आणलं असेल तर ती दारातच सोडायची नाही. शीर घेतलेली, लस हाताशी आलेली, मगच सावकाश. लहान मुलाला लस कमी द्यायची नाही, मोठ्या माणसाइतकीच द्यायची, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. कोकणातल्या झाडोऱ्यात सापडणारा हिरवा चापडा चावला असेल तर तिचा उपयोग नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि बोललेलं यात केवढा फरक पडतो! बोलताना क्रम लावावा लागतो. क्रम लावताना कळतं की २० मिनिटांच्या चाचणीत २० मिनिटं रिकामी आहेत, आणि ती कशी भरायची हे कुठल्याही पर्यायात लिहिलेलं नसतं. त्या वेळात नाडी, श्वास, पापण्या जड होतायत का, सूज कुठवर चढली याच्या पेनाने केलेल्या खुणा, लघवीचा रंग, १०८ला फोन, आणि नातेवाईकांशी बोलणं.

ज्या जिल्ह्यात जायचं त्या जिल्ह्याचे आजार निराळे वाचायला हवेत, हेही मावशींचंच. पाठ्यपुस्तक सगळ्या देशासाठी असतं, कॅज्युअल्टी एका तालुक्याची असते. भातलावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखतात म्हणून आलेला शेतकरी, डोळे लाल, लघवी कमी झालेली: रिपोर्टची वाट न पाहता लेप्टोचे उपचार सुरू करायचे. काजूच्या हंगामात ताप घेऊन आलेल्याला दोन प्रश्न विचारायचे: बागेत, रानात गेला होतात का, आणि कुठे मेलेलं माकड दिसलं का. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा गोचिडीतून पसरणारा ताप २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात दिसला आणि 'माकडताप' हे नाव तिथल्या लहान मुलांच्याही तोंडी झालं. त्यावर नेमकं औषध नाही. म्हणून तो वेळेत ओळखणं आणि रक्तस्राव होतोय का यावर लक्ष ठेवणं हीच डॉक्टरची कामगिरी.

आणि विंचू. लाल विंचवाचं प्रकरण वाचताना मी अभ्यास बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी नोकरीत होते. विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान मुलं, हृदय कमकुवत होऊन आणि फुफ्फुसांत पाणी भरून त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या शेजारी बसून नोंदी केल्या, विष शरीरात नेमकं काय करतं ते समजून घेतलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन नावाचं साधं औषध देऊन पाहिलं. १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे उत्तर पर्यायांत असतं आणि आपण पेन्सिलीने गोल काळा करावा तसं ते निवडून पुढे जातो. ते उत्तर एका वैद्यकीय अधिकाऱ्याने, ज्या पदासाठी मी अर्ज केला होता त्याच प्रकारच्या पदावर असताना शोधलं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मेडिकल कॉलेजांत या पदाबद्दल बोलताना आवाज जरा खाली जातो. पीजी मिळाली नाही म्हणून घेतलेली नोकरी, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो बदलायला हवा. या राज्यातलं फार मोलाचं वैद्यकीय ज्ञान खेड्यातल्या दवाखान्यांतून वर गेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि पुढे देशभर आशाताई घरोघरी जाऊन बाळं तपासू लागल्या. मुलाखतीत 'आमच्याकडे का यायचंय' असं विचारलं तर मी काय सांगणार, हे त्या संध्याकाळी ठरलं.

एक सराव मी घरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून करत होते. आठवा महिना, झटके येत असलेली बाई, रक्तदाब १७०/११०. मी मोठ्याने सांगत होते: कुशीवर वळवायचं, तोंडातलं साफ करायचं, ऑक्सिजन, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, रक्तदाब उतरवायचं औषध, लघवीची नळी, गुडघ्याचा झटका येतोय ना, श्वास मिनिटाला १६च्या खाली जात नाही ना, कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी, मग वरच्या दवाखान्यात रवाना. आई भाजी चिरत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "आणि तिचा नवरा कुठंय?"

नवरा दाराबाहेर होता. त्याच्याबरोबर त्याची आई होती, दीर होता, रिक्षावाला होता, आणि आत काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. परीक्षेच्या प्रश्नात नातेवाईक नसतातच. आईला वैद्यकातलं काही कळत नाही, म्हणूनच तिला तो माणूस दिसला. त्या दिवसापासून प्रत्येक उत्तराला मी एक भाग जोडला: आता दाराबाहेर जाऊन काय सांगेन. आणि तो भाग सारांशाने नाही, शब्दशः बोलायचा. 'तुमच्या बायकोचं बीपी फार वाढलंय, त्यामुळे झटका आला. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलंय. बाळाचे ठोके लागतायत. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, कारण तिथे भूलतज्ज्ञ आहेत, रक्त आहे, इथे नाही. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. सिस्टर सोबत येतील. धोका आहे, पण आत्ता निघालो तर तो कमी होतो.' एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मी वेळ लावून पाहिला. मावशींनी त्यात भर घातली: तिकडची माणसं विचारतात, "डॉक्टरांनू, वाचतलो मां?" तेव्हा खाली बघायचं नाही, आणि खोटंही बोलायचं नाही.

दवाखान्यांच्या भिंतींवर डॉक्टरांवरील हल्ल्याविरुद्धच्या २०१०च्या कायद्याचा फलक असतो. तो असायलाच हवा. नुसतं गोड बोलून हल्ले थांबतात असं मी म्हणणार नाही; भूलतज्ज्ञाचं पद वर्षानुवर्षं रिकामं असेल तर माझ्या अर्ध्या मिनिटाने ते भरत नाही, आणि त्या रिकाम्या पदाचा राग रात्री समोर उभ्या असलेल्या डॉक्टरवरच निघतो. पण ते अर्धं मिनिट माझ्या हातात आहे. त्याची तयारी करता येते आणि ती मुलाखतीच्या तयारीतच व्हायला हवी.

कायद्याचा भागही मी याच रीतीने वाचला. अपघाताचा रुग्ण आला की पोलीस येईपर्यंत थांबायचं, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की जीव वाचवणं आधी, कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो की खासगी. मनाला जास्त लागला तो १९९६चा निकाल. पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने म्हटलं की सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्याला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. 'खाट नाही' हे वाक्य मी इंटर्नशिपमध्ये किती सहज उच्चारलेलं ऐकलं होतं! रुग्ण पुढे पाठवणं हा गुन्हा नाही, ३० खाटांच्या दवाखान्यात ते करावंच लागतं. पण पाठवण्याआधी माझ्याकडून जेवढं होणार होतं तेवढं झालं का, पुढे फोन गेला का, चिठ्ठीवर औषधांच्या वेळा आहेत का, हे विचारल्याशिवाय सही करायची नाही, हे मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

एक प्रश्न मात्र असा होता की ज्याचं उत्तर मावशींशी बोलूनही पटकन ठरेना. 'पीजीचा अभ्यास चालू आहे, म्हणजे सोडून जाणार ना?' मैत्रिणी म्हणाल्या, नाही म्हणून सांग, सगळे तसंच सांगतात. मला ते पटलं नाही. मी ठरवलं: पीजी करायचं आहे, पण इथे असेन तोवर मुख्यालयी राहीन आणि रात्रीचा फोन उचलीन. याच्या पुढचं वचन देता येत नाही, आणि मागूही नये. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर द्यायची, पुढच्या वर्षी राहील की नाही ते सांगायचं नाही, आणि पंचविशीतल्या डॉक्टरला निष्ठेबद्दल विचारायचं, हे न्याय्य नाही. कायमची पदं भरा, राहायला धड क्वार्टर द्या, मग हा प्रश्न जरूर विचारा.

मुलाखतीच्या दिवशी मंडळात एक ज्येष्ठ डॉक्टर होते. फाइल चाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सिव्हिअर प्री-एक्लॅम्पसियाची बाई तुम्ही बांबोळीला पाठवलीत. गाडी निघाली. आता वाटेत काय काय होऊ शकतं?"

सिंधुदुर्गात हा प्रश्न पुस्तकी नाही. १८४२ साली पोर्तुगीज काळात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून वाढलेलं गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला आहे, आणि तळकोकणातल्या कितीतरी घरांना मुंबई-पुण्यापेक्षा बांबोळी जवळची. त्या रस्त्यावर रुग्ण एकटाच असतो म्हटलं तरी चालेल. मी बोलायला लागले. झटका येऊ शकतो, म्हणून ती कुशीवरच राहील आणि सिस्टरकडे औषध भरलेलं असेल. श्वास मंदावू शकतो, म्हणून अॅम्ब्यू बॅग आणि कॅल्शियम. वाटेतच बाळंत होऊ शकते, म्हणून डिलिव्हरी किट, ऑक्सिटोसिन, बाळ पुसायला कोरडी फडकी. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून दुसरी शीर आधीच घेतलेली. ऑक्सिजनचा सिलिंडर निघण्यापूर्वी उघडून बघितलेला. पायलटला कुठल्या रस्त्याने जायचं ते विचारलेलं. आणि नवरा गाडीत, कारण पुढे गेल्यावर सही लागेल, रक्त लागेल आणि तिला ओळखीचा चेहरा लागेल. ते ऐकत राहिले, मधेच एकदा "सिलिंडर किती वेळ पुरेल?" असं विचारलं, आणि मी हिशेब करून सांगितला. मला ती नोकरी मिळाली. पण नसती मिळाली तरी त्या प्रश्नाबद्दल मी त्यांची ऋणी राहिले असते. डॉक्टर म्हणून मला गंभीरपणे घेतलेला तो पहिला सरकारी प्रश्न होता.

म्हणून जे अशा मंडळांवर बसतात, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, प्रशासनातले ज्येष्ठ, त्यांना माझी विनंती आहे. एका दिवसात शंभर उमेदवार तपासायचे असतात, हे मला माहीत आहे. कागदपत्रं कारकुनांकडून सकाळीच पाहून घ्या. उरलेल्या वेळात प्रत्येक उमेदवारासमोर तुमच्या जिल्ह्यातला एक रुग्ण ठेवा: साप चावलेला, झटके येणारी, पोटऱ्या दुखणारा. पर्याय देऊ नका. थोडा वेळ त्याला बोलू द्या आणि शेवटी विचारा, दाराबाहेर जाऊन काय सांगाल. आणि माझ्यामागून येणाऱ्या मुलामुलींनो, कुणी विचारणार नसलं तरी ही तयारी मोठ्याने बोलून करा, घरातल्या एका माणसाला समोर बसवून, शक्यतो ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही अशाला.